बाबांना नळी नको, भावाला एमआरआय हवा

नागपूरच्या मानेवाड्याहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांचं वय 38. वडील 64 वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले. शुगर 15 वर्षांपासून, वजन जास्त, दारूला मात्र कधी हात लावला नाही. गेल्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेल्या सोनोग्राफीत लिव्हर खडबडीत आणि प्लीहा वाढलेली दिसली, आणि पुढे सिरॉसिसचं, म्हणजे व्रण होऊन लिव्हर कडक होण्याचं, निदान झालं. पोटात पाणी नाही, कावीळ नाही, रोजची भाजी स्वतः आणतात. रामदासपेठेत केलेला फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, 18.6 आला होता. दीड महिन्यानं एका लग्नातून जेवून परतताना धंतोलीत पुन्हा केला, तो 24.1 आला. प्लेटलेट 1,18,000. डॉक्टरांनी एंडोस्कोपी, म्हणजे घशातून नळी घालून आतून बघायची तपासणी, करायला सांगितली, पण वडील ऐकत नाहीत. डेपोतल्या त्यांच्या एका मित्राला रक्ताची उलटी झाली, दवाखान्यात नळी घातली आणि तो परत आला नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुण्यातला भाऊ म्हणतो, नळी सोडा, दर तीन महिन्यांनी फुल बॉडी एमआरआय करू. आईनं दुसरा रिपोर्ट साड्यांखाली लपवून ठेवला आहे. ताई विचारतात: नळी न घालता सगळं कळेल असा एखादा स्कॅन आहे का? आणि आकडा इतका वाढला, म्हणजे आता फार दिवस नाहीत का? जाता जाता त्यांनी लिहिलंय की त्यांच्या स्वतःच्या सोनोग्राफीतही ‘फॅटी लिव्हर ग्रेड 1’ आलं आहे.

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानंच उडवली आहे. तुमच्या पत्रात जे लिहिलंय त्यावरून तसं काही दिसत नाही. 18.6 चे 24.1 झाले याचा अर्थ दीड महिन्यात लिव्हर तेवढं बिघडलं, असा होत नाही. माझा निम्मा संशय त्या लग्नाच्या जेवणावर आहे.

फायब्रोस्कॅनमध्ये उजव्या बरगड्यांच्या मधून एक हलका ठोका देतात आणि त्याची लहर लिव्हरमधून किती वेगानं जाते ते मोजतात. लिव्हर जितकं कडक, तितकी लहर वेगानं जाते, आणि आकडा येतो किलोपास्कलमध्ये. पण लिव्हर फक्त व्रणांनीच कडक होतं असं नाही. जेवल्यावर आतड्यांकडून लिव्हरकडे येणारा रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा चढतो. म्हणून निदान तीन तास उपाशीपोटी तपासणी करायची असते. एसजीपीटी (लिव्हरला सूज आली की रक्तात वाढणारं एन्झाइम) एकदम वाढलेलं असेल, पित्ताचा मार्ग अडला असेल किंवा हृदय नीट काम करत नसल्यानं लिव्हरमध्ये रक्त साचलं असेल, तरी आकडा फुगतो. वजन जास्त असलेल्यांसाठी वेगळा, एक्सएल नावाचा प्रोब (बरगड्यांवर टेकवायचा दांडा) असतो. तो न वापरता साध्या प्रोबनं घेतलेल्या मापावर फार विसंबू नये. शिवाय तपासणी दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातानं केलेली.

तुमच्या रिपोर्टवर मोठ्या आकड्याशेजारी एक छोटा आकडा असतो, आयक्यूआर असं लिहिलेला. निदान दहा मापं घेतात आणि ती एकमेकांच्या किती जवळ आहेत हे तो सांगतो. तो 30 टक्क्यांच्या वर असेल तर मोठ्या आकड्याकडे बघून रडण्यात अर्थ नाही. साड्यांखालचा कागद काढून आधी एवढं बघा. मग काही महिन्यांनी, पहिल्याच सेंटरला, सकाळी उपाशीपोटी माप पुन्हा घ्या. एरवी ही तपासणी साधारण वर्षातून एकदा पुरते.

आता नळीचं. इथे तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, ती जरा बाजूला काढून बघू. तुम्ही, भाऊ, बाबा, तिघंही असं धरून चालला आहात की एंडोस्कोपी आणि स्कॅन एकाच प्रश्नाची उत्तरं देतात, फक्त एक त्रासाचं आणि एक सुखाचं. तसं नाही. मी रेडिओलॉजीत आहे, माझी भाकरी स्कॅनवरच भाजते, तरी सांगते: सिरॉसिसमध्ये सगळं दाखवणारं मशीन अजून कुणी बनवलेलं नाही. प्रत्येक तपासणी एखाद्याच प्रश्नाला उत्तर देते. तपासणी करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारावं, की याचं उत्तर हो आलं तर तुम्ही काय वेगळं कराल, आणि नाही आलं तर काय.

एंडोस्कोपीचा प्रश्न असा आहे: अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत का, आणि फुटण्याइतक्या फुगल्या आहेत का? आतड्यांकडचं सगळं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरला जातं. लिव्हर कडक झालं की ते अडतं आणि दाब वाढतो. वर्धा रोड तुंबला की गाड्या जशा धंतोलीच्या गल्ल्यांत घुसतात, तसं ते रक्त मग अन्ननलिकेच्या आणि जठराच्या बारीक शिरांत घुसतं. त्या शिरा एवढ्या रक्तासाठी नसतातच. हा दाब थेट मोजायचा तर मानेच्या शिरेतून लिव्हरपर्यंत बारीक नळी न्यावी लागते. तिथे दाबातला फरक 10 मिलिमीटर पाऱ्याचा किंवा जास्त निघाला तर धोका सुरू झाला असं मानतात. रोजच्या कामात ते कुणी करत नाही. म्हणून बाहेरूनच अंदाज घ्यायच्या पद्धती आल्या.

इटलीत बावेनो नावाचं गाव आहे. 1990 पासून या विषयातले डॉक्टर त्या नावाखाली दर काही वर्षांनी जमतात आणि नियम ठरवतात. 2015 मध्ये त्यांनी एक सोपी चाळणी दिली: फायब्रोस्कॅन 20 च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर मोठ्या शिरा असण्याची शक्यता इतकी कमी असते की एंडोस्कोपी टाळता येते. दोन्ही अटी एकदमच पुऱ्या व्हाव्या लागतात. तुमच्या बाबांचा पहिला, बहुधा खरा, आकडा 20 च्या आत आहे, पण प्लेटलेट 1,18,000 आहेत. म्हणजे डॉक्टरांनी नळी उगाच सांगितलेली नाही. वाढलेली प्लीहा प्लेटलेट स्वतःत अडकवून ठेवते, त्यामुळे कमी प्लेटलेट ही त्या दाबाचीच एक आडून मिळणारी खूण समजा. एकच बघून घ्या: ती तपासणी पावसाळ्यात, तापाच्या दिवसांत केली होती का? नागपुरात डेंग्यूच्या सीझनमध्ये प्लेटलेट तशाही पडतात. शंका असेल तर ताप गेल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा करा.

पण नळी नाही म्हटलं तर दारच बंद, असंही नाही. हे तुमच्या डॉक्टरांशी बोलायला हवं आणि बहुतेक कुटुंबांना हे माहीतच नसतं. कार्वेडिलॉल नावाची गोळी आहे, रक्तदाबासाठी तुम्ही ऐकली असेल. ती पोर्टल व्हेनमधला दाबही उतरवते. 2019 मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्यांचा दाब वाढला आहे पण अजून पाणी, रक्तस्राव वगैरे झालेलं नाही, त्यांना या गटातली औषधं दिल्यावर तब्येत ढासळण्याचं, मुख्यतः पोटात पाणी होण्याचं प्रमाण कमी झालं. त्यानंतर 2021 च्या बावेनो बैठकीत विचार बदलला. दाब धोक्याच्या पातळीवर आहे हे बाहेरच्या मापांवरून पुरेसं स्पष्ट असेल आणि रुग्णाला ही गोळी सोसत असेल, तर नुसत्या शिरा शोधण्यासाठी एंडोस्कोपी करायची गरज राहत नाही, कारण उपचार आधीच सुरू झालेला असतो. माप 25 किंवा त्याच्या वर असेल तर दाब आहे असं बहुतेक धरतात. 15 किंवा त्याहून कमी आणि प्लेटलेट दीड लाख किंवा जास्त असतील तर नाही असं धरतात. बाबा मधल्या पट्ट्यात आहेत, त्यात वजन जास्त आणि आजार फॅटी लिव्हरचा, आणि अशा माणसांत हे अंदाज थोडे डळमळतात. काही ठिकाणी प्लीहेचाही कडकपणा मोजतात, मधल्या पट्ट्यातल्यांना त्याचा उपयोग होतो.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: बाबा नळीला तयार नाहीत, तर त्यांना कार्वेडिलॉल चालेल का? दमा असेल, नाडी मंद असेल, बीपी आधीच खाली राहत असेल तर नाही चालणार. मग नळीला पर्याय उरत नाही आणि बाबांना तसं स्पष्ट सांगावं लागेल. शुगरच्या औषधांबरोबर घेताना एक सावधगिरी आहे. साखर एकदम उतरल्यावर जी धडधड होते, ती या गोळीनं झाकली जाऊ शकते. आणि मनानं गोळी बंद करायची नाही.

एक फरक घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसवा. हे सगळं शांत काळातलं बोलणं आहे. रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर सोनोग्राफी नाही, फायब्रोस्कॅन नाही, पुण्याला फोन नाही. सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. तेव्हा नळी हाच उपचार असतो. तिच्यातूनच फुटलेल्या शिरेला रबर बँड लावतात.

आणि इथेच मला बाबांच्या मित्राबद्दल बोलायचं आहे. तुम्ही लिहिलंत, बाबा हट्टी आहेत. मला ते हट्टी वाटत नाहीत. त्यांनी एक गोष्ट पाहिली आणि तिचा जो अर्थ लावला तो त्या जागी कुणीही लावला असता: नळी घातली, माणूस गेला. तो मित्र नळीनं गेला नसावा. नळी घालेपर्यंत रक्त फार गेलं असावं, आणि त्याच्या शिरांची आधी कधी कुणी चौकशी केली नसावी. बाबांना ज्याची भीती वाटते ते टाळण्यासाठीच तर डॉक्टर आता, रक्त येण्याआधी, बघायला सांगतायत. त्यांना हे समजावून सांगण्याआधी त्या मित्राबद्दल विचारा. कधी झालं, कुठे नेलं, कोण होतं बरोबर. बोलू द्या त्यांना. एकदा पूर्ण बोलून झालं की मग सांगा, की शांत काळातली तपासणी साधारण दहा मिनिटांत आटोपते, घशाला बधिर करायचा स्प्रे मारतात, आणि नुसतं बघायचं असेल तर त्याच दिवशी घरी येतात. कदाचित तरीही नाही म्हणतील. मग गोळीचा रस्ता आहेच. पण ते नाही त्यांचं स्वतःचं, समजून घेतलेलं असेल.

त्यासाठी त्यांना 24.1 माहीत असायला हवं. आईचा हेतू मी समजू शकते. पण आयुष्यभर एसटीत काम केलेल्या माणसाला आपल्यापासून काहीतरी दडवलं जातंय हे कळत नसेल, असं कसं होईल? आकडा सांगा, आणि लगेच लग्नाच्या जेवणाचंही सांगा.

आता भाऊ. त्याच्यावर रागावू नका. तो लांब आहे, आणि लांबच्या माणसाला पैसे पाठवून काहीतरी मोठं करावंसं वाटतं. शिवाय तो अर्धा बरोबर आहे.

सिरॉसिस झालेल्या माणसाला लिव्हरचा कॅन्सर होण्याचा धोका असतो, आणि तो लहान असतानाच सापडला तर त्यावर इलाज होतो. तो शोधण्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि बरोबर एएफपी ही रक्ततपासणी करतात. एंडोस्कोपीवरून घरात एवढी चर्चा चालली आहे, पण तुमच्या पत्रात या सहामाही सोनोग्राफीचा एका शब्दानंही उल्लेख नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटली. हर्नियाच्या वेळची सोनोग्राफी होऊन वर्ष होत आलं. या आठवड्यात करून घ्या.

सोनोग्राफी सगळं पकडते का? नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब 2018 मध्ये मांडला गेला. त्यात सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर नुसत्या सोनोग्राफीत निम्म्याहून थोडा कमी वेळा, 47 टक्के, सापडत होता. एएफपी जोडल्यावर 63 टक्के. जाड पोट आणि चरबी भरलेलं लिव्हर असेल तर आम्हाला आतलं आणखी कमी दिसतं. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विनंती करा, की लिव्हर किती नीट दिसलं ते रिपोर्टमध्ये लिहा. काही भाग दिसलाच नाही असं वारंवार येत असेल तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचं, चित्र ठळक करणारं औषध) देऊन लिव्हरचा एमआरआय किंवा सीटी करण्यात शहाणपणा आहे. तुमचा भाऊ बरोबर आहे तो एवढाच.

बाकीचं चुकतं. जाहिरातीतला फुल बॉडी एमआरआय बहुतेक वेळा कॉन्ट्रास्टशिवाय असतो, आणि लिव्हरमधली गाठ ओळखायची ती कॉन्ट्रास्ट देऊन, वेळ साधून. निरोगी लिव्हरला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं. कॅन्सरची गाठ मुख्यतः धमनीचं रक्त पिते. म्हणून औषध टोचल्यावर धमनीच्या टप्प्यात ती आधी चमकते आणि नंतर बाजूच्या लिव्हरपेक्षा काळवंडते. आधी चमकणं आणि मग काळवंडणं, दोन्ही ठळक दिसलं तर सिरॉसिसच्या रुग्णात बायॉप्सीची सुई न घालताही निदान पक्कं करता येतं. शरीरात इतर ठिकाणच्या बहुतेक गाठींत अशी सोय नाही. सोनोग्राफीत 1 सेंटिमीटर किंवा मोठी गाठ दिसली, किंवा एएफपी वाढलं, तर हा ट्रायफेजिक, म्हणजे कॉन्ट्रास्टच्या वेगवेगळ्या टप्प्यांत चित्रं घेणारा, सीटी किंवा एमआरआय करायचा. त्याहून लहान असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. काहीच नसताना दर तीन महिन्यांनी एमआरआय केला तर फायदा नाही, उलट प्रत्येक वेळी एखादा निरुपद्रवी ठिपका निघेल आणि सगळं घर पुन्हा पंधरा दिवस उपाशी झोपेल. शुगर असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितल्याशिवाय कॉन्ट्रास्ट देऊही नये.

त्याऐवजी भावाला दुसरं काम द्या: सहामाही सोनोग्राफीची आठवण त्यानं करायची. आपल्याकडे सोपं आहे, एक पोळ्यानंतर, एक होळीनंतर.

सोनोग्राफी सांगताना डॉपलरसहित, म्हणजे रक्ताचा प्रवाहही बघणारी, सांगा. त्यात पोर्टल व्हेनमध्ये गुठळी झाली आहे का, रक्त लिव्हरकडेच जातंय की उलटं फिरलंय, प्लीहा गेल्या वेळेपेक्षा वाढली का, आणि पोटात थोडंसं पाणी जमायला लागलंय का, हे सगळं कळतं. हाताला लागण्याच्या बरंच आधी आम्हाला पाणी दिसतं. प्रत्येक वेळी जुना रिपोर्ट घेऊन जा. वाढलं की तेवढंच आहे हे जुन्याशिवाय आम्हाला सांगता येत नाही. विदर्भातल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट: घरात सिकलसेल असेल तर प्लीहेचं माप आणि प्लेटलेट यांवरून काढलेले हे अंदाज फसू शकतात, कारण प्लीहा त्या आजारानंही वाढते किंवा आक्रसते. डॉक्टरांना ते आधीच सांगावं.

ज्यांना खासगीत परवडत नाही त्यांच्यासाठी नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, मिहानमधलं एम्स आहे. तिथे रांग असते, पण सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी ही त्यांची रोजची कामं आहेत. फायब्रोस्कॅनचं मात्र आधी विचारून जा. दाखल करायची वेळ आली तर फुले जनआरोग्य योजनेचे कागद आरोग्यमित्राकडून तपासून घ्या.

काही गोष्टी कोणत्याच चित्रात दिसत नाहीत. लिव्हरमुळे मेंदूवर परिणाम व्हायला लागतो तेव्हा माणूस रात्री जागतो आणि दिवसा पेंगतो, सही वाकडी होते, भाजीचे सुटे पैसे मोजताना चुकतो. हे आधी तुमच्या आईच्या लक्षात येईल, माझ्या मशीनच्या नाही. पुढेमागे पोटात पाणी झालं आणि ताप आला किंवा पोट दुखायला लागलं, तर त्या पाण्यात जंतुसंसर्ग आहे का हे सुईनं पाणी काढूनच कळतं. सोनोग्राफी फक्त सुई कुठे घालायची ते दाखवेल. तेव्हा ‘सुई नको’ असं म्हणून थांबू नका.

दारूबद्दल कुजबुजणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देत बसू नका. शुगर आणि वजन यांनी होणारा सिरॉसिस आता इतका नेहमीचा झाला आहे की आम्हाला त्यात नवल वाटत नाही. पण त्यांच्यातल्या कुणी डाळ, अंडी, पनीर बंद करायला सांगितलं असेल तर ते ऐकू नका. या आजारात स्नायू झडतात, प्रथिनं लागतात. रात्री झोपण्याआधी थोडं खाऊन झोपावं.

आणि आता तुमच्या ग्रेड 1 बद्दल. सोनोग्राफी चरबी दाखवते, व्रण किती झालेत ते सुरुवातीला दाखवत नाही. लगेच फायब्रोस्कॅनला धावू नका, आधी घरी कागदावर गणित करा. रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी (दोन्ही लिव्हरची एन्झाइम) आणि प्लेटलेट एवढंच लागेल. वय गुणिले एसजीओटी, याला भागायचं प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं. समजा तुमचं एसजीओटी 40, एसजीपीटी 49, प्लेटलेट 2,40,000 असतील, तर 38 गुणिले 40 म्हणजे 1520, भागिले 240 गुणिले 7 म्हणजे 1680. उत्तर सुमारे 0.9. 1.3 च्या खाली आलं तर मोठा व्रण असण्याची शक्यता कमी, वजन आणि शुगरकडे लक्ष द्या आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा करा. शुगर निघाली तर एक-दोन वर्षांनी. 1.3 ते 2.67 च्या मध्ये आलं तर मग फायब्रोस्कॅन करा, आणि त्याच्या वर आलं तर थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा. फायब्रोस्कॅनला जाताना काही खाऊन जाऊ नका.